घरगाडीखालचा माणूस

बस डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. जॅकच्या दांड्यावर कोणीही असो, नवा असो की मुरलेला, गाडी जमिनीवरून सुटायला लागली की पलीकडून यांचा आवाज यायचा, "सावकाश." निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांना विचारलं म्हणे, की आज आणखी कोण निवृत्त होतंय.

ते ब्रेक फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली गेली. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ते शिकले, त्याने पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, गाडी उचललेली असताना आत कोणी नको. दुसरी, ब्रेक बरे आहेत की नाहीत याबाबत खोटं बोलायचं नाही. साहेबाशी नाही, ड्रायव्हरशी नाही, स्वतःशी तर नाहीच. बाकीचं काम हाताला आपोआप कळेल, असं तो म्हणाला होता. सावकाशरावांनी दुसरी गोष्ट आयुष्यभर पाळली. पहिली त्यांनी डेपोत पाळली आणि घरी मोडली.

घरी म्हणजे घराच्या मागे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि घरापेक्षा लांब परसू, असं त्यांचं घर आहे. परसात पत्र्याच्या छपराखाली एक मोटारहोम उभी असे. लॉरीच्या चासीवर बांधलेली, मागे जोडचाकं, साडेपाच टन वजनाची. आत दोन माणसांचा पलंग, ओटा, टेबल, न्हाणीघराच्या नावाखाली एक कपाट आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर लहान मुलापुरती झोपायची फळी. घरात तिला पहिल्यापासून घरगाडी म्हणतात. मुळात ती फिरता दातांचा दवाखाना होती. डॉक्टर थकले आणि गाडी डेपोच्या मागच्या कुंपणाला लागून उभी राहिली. सावकाशराव रोज डबा खाताना तिच्याकडे बघायचे. शेवटी भंगाराच्या भावात त्यांनी ती घरी आणली. दातांच्या खुर्चीचे बोल्ट जिथे होते, तिथे जमिनीला चार भोकं राहिली. वरच्या खणातून लवंगेच्या तेलाचा वास कधीच गेला नाही.

"या गाडीत तोंड उघडं ठेवून झोपायची भीती वाटते," बायको पहिल्या रात्री म्हणाली होती.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. गल्लीत तिला ऑपरेटरबाई म्हणत आणि अजूनही म्हणतात. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा आणि हातात वायरी, अशी तिची नोकरी झाली. माणूस बोलायच्या आधी नुसता खाकरला तरी कोण आहे ते तिला कळायचं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, फळे गेले आणि तिला बिलांच्या खिडकीवर बसवलं. तिथे लोक समोर येऊन बोलायचे. समोर आलेल्या माणसाचं नीट ऐकू येत नाही, अशी तिची तक्रार होती.

मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की तिघं घरगाडी घेऊन निघायचे. तळ्याकाठी, एखाद्या शाळेच्या पटांगणात, ओळखीच्या शेतमालकाच्या बांधाला गाडी लावायची. रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवायचा. नकाशा मुलीकडे असायचा आणि वाट चुकली तरी तिला रागवायचं नाही असं ठरलेलं होतं. त्यामुळे ती कधीकधी मुद्दाम चुकवायची. एकदा अशा मुद्दाम चुकवलेल्या वाटेवर त्यांना एक बंद पडलेली वीटभट्टी सापडली आणि तिच्या धुराड्याच्या सावलीत त्यांनी सुट्टीचे उरलेले सगळे दिवस काढले. काही विशेष केलं नाही. मुलगी विटांची घरं बांधत होती, ऑपरेटरबाई पडदे शिवत होत्या आणि सावकाशराव झोपले होते.

पण निघायच्या आधी ब्रेक उघडून बघायचे, हा नियम. त्यासाठी गाडी उचलायची आणि चाकं काढायची. पहिल्याच वर्षी तिथे अडलं.

"खाली उतर, गाडी उचलायचीय."

"कपाटाची कडी लागत नाहीये. कप पडतील."

"मग कप काढून घे."

"आताच सगळं लावून झालंय. मी दार धरून बसते ना."

सावकाशराव डेपोत ड्रायव्हरला सीटवरून हाताला धरून खाली उतरवायचे. घरी त्यांनी एवढंच केलं, की एक पसरट ताटली मागितली, ती टेबलावर ठेवली आणि काठापर्यंत पाण्याने भरली. "दार एका हाताने धर आणि हे पाणी बघत बस. कुठल्या काठाकडे सरकतंय ते मला सांगायचं. जागची हलू नकोस."

तेव्हापासून तीच रीत पडली. जॅक वर जायला लागला की आतून आवाज यायचा, "माझ्याकडे आलं." म्हणजे टेबलाशी ती बसायची त्या बाजूला पाणी सरकलं. "आता तुमच्याकडे." आणि शेवटी, "थांबलं." मग सावकाशराव घोड्या लावायचे. घोडी म्हणजे लोखंडी तिवई. जॅकने उचललेलं वजन तिच्यावर टेकवायचं. मुलगी वरच्या फळीवर पालथी पडून हे ऐकत असायची. एक आवाज शेजारून आणि एक जमिनीच्या खालून. बरीच वर्षं तिला वाटायचं की ब्रेकचं काम असंच, दोघांनी मोठ्याने बोलूनच होतं.

कपाटाची कडी पुढच्याच वर्षी दुरुस्त झाली. ताटली मात्र राहिली. चिनी मातीची, काठाला निळी रेघ असलेली ती एकच ताटली त्या कामाला लागायची आणि इतर वेळी तिच्यात कोणी जेवत नसे.

मग मुलगी मोठी झाली, सुट्ट्या वेगवेगळ्या पडायला लागल्या. ऑपरेटरबाईंचे गुडघे गेले आणि दोन्ही नवे बसवले. सावकाशराव चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. घरगाडी छपराखाली सहा वर्षं जागची हलली नाही. सावकाशराव महिन्यातून एकदा इंजिन चालू करायचे, ते तापेपर्यंत आत बसायचे आणि बंद करून परत यायचे.

गेल्या वर्षी मुलीने गाडी मागितली.

मुलगी लहान मुलांचे कान तपासते. तिला वर्षभराचं काम मिळालं होतं, डोंगरातल्या शाळांमधून फिरून तिथल्या मुलांना नीट ऐकू येतं का ते बघायचं. तपासायला बंद, शांत खोली लागते. त्या शाळांत तशी खोली नसते आणि मुक्कामालाही जागा नसते. घरगाडी असली तर दोन्ही प्रश्न सुटत होते आणि नसली तर काम दुसऱ्या कोणाला जाणार होतं. येत्या सोमवारी निघायचं होतं.

"टायर तर नवेच दिसतायत," ती म्हणाली. "कुठे पळालेत?"

"उभे राहूनही टायर मरतात," सावकाशराव म्हणाले. त्यांनी तिला खाली बसवून टायरच्या बाजूवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचायला लावलं. मग बोटाने रबर दाबून त्यातल्या बारीक भेगा दाखवल्या. "सगळे बदलायचे. आणि ब्रेक उघडून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. चांगले निघाले तर ने. नाही निघाले तर नाही."

"कोण ठरवणार?"

"ब्रेक."

ऑपरेटरबाईंना मुलीने जायलाच नको होतं. एकटी बाई, घाटातले रस्ते, रात्री गाडीत झोपणं. हे सगळं त्यांनी एकदा मुलीला सांगून बघितलं होतं आणि मुलीने शांतपणे ऐकून घेतलं होतं, जे भांडण्यापेक्षा वाईट असतं. म्हणून शनिवारी सकाळी, चहाच्या वेळी, त्यांनी दुसऱ्या खिडकीवर अर्ज केला.

"अहो, एक सांगू? ब्रेकचे लायनर गेलेत म्हणा."

"अजून बघितलेच नाहीत."

"बघून म्हणा ना. मी कुठे म्हणतेय न बघता म्हणा?"

सावकाशरावांनी कप विसळून पालथा घातला.

"तुमचं ती ऐकते. माझं ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा. एवढं एकदाच."

ते चपला घालून परसात गेले. मुलगी तिथे आधीच उभी होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

गाडी छपराखालून काढून फरसबंद जागेवर आणली होती, कारण मातीत जॅक रुततो. सावकाशरावांनी आदल्या दिवशीच गाडीतली पाण्याची टाकी रिकामी करवली होती. आता त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी मारल्या आणि हातोडीने ठोकून घट्ट केल्या. मागची चाकं उचलली की हँडब्रेक कामाचा राहत नाही. तो मागच्याच चाकांना धरतो, आणि ड्रम काढायचा तर तो सोडावाच लागतो. मग साडेपाच टनांचं घर त्या पाचरींच्या भरवशावर उभं असतं.

गाडीच्या चार कोपऱ्यांना मुठीने फिरवून खाली करायचे पाय होते, मुक्कामाला गाडी समपातळीत आणण्यासाठी. मुलीने त्यातल्या एकाला हात घातला.

"बाबा, हेच खाली केले तर? उचलली जाईलच की."

"ते उभं राहायचे पाय आहेत. वजन उचलायला लावलेस तर काडीसारखे वाकतील. जॅक ॲक्सलखाली. आणि चाकाचे नट आधी, गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. वर गेल्यावर जोर लावलास तर गाडी हलेल."

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि ऑपरेटरबाई निळ्या रेघेची ताटली घेऊन आल्या. ताटलीत पाणी होतं आणि ते सांडू नये म्हणून त्या नव्या गुडघ्यांनी फारच जपून चालत होत्या. घरगाडीच्या पायरीशी येऊन त्यांनी ताटली मुलीच्या हातात दिली. "धर जरा. मी चढते."

"आई, आत कोणी बसायचं नाही," मुलगी म्हणाली.

"मी 'कोणी' कधीपासून झाले?"

मुलीने वडलांकडे बघितलं. सावकाशराव जॅकखाली लोखंडी पत्रा सरकवत होते. ते वर न बघता म्हणाले, "नको. पायरी उंच आहे."

"दरवर्षी बसायचे."

"गुडघे नवे आहेत."

"गुडघे नवे आहेत, डोळे जुनेच आहेत. पाणी दिसतंय मला."

"आत कोणी नको," सावकाशराव म्हणाले. हे वाक्य घरी बोलायला त्यांना इतकी वर्षं लागली.

बाईंनी ताटली परत घेतली. मुलीने परसाच्या भिंतीशेजारी खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर त्या बसल्या. ताटली मांडीवर ठेवली. जरा वेळाने पाणी मातीत ओतून टाकलं आणि रिकामी ताटली तशीच धरून राहिल्या.

गाडी उचलताना बाहेरून बघायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. आवाज मात्र सगळे ओळखीचे होते. नट सुटतानाची करकर. जॅकचा दांडा हापसतानाचं कुरकुरणं, मग ॲक्सलला टेकल्यावरचा तो जड, बुटका आवाज. चाक जमिनीवरून सुटताना टायर जरासा सुस्कारल्यासारखा होतो, तो आवाजही. घोडी सरकवतानाचा खणखणाट आणि जॅक ढिला केल्यावर वजन तिच्यावर बसतं तेव्हा लोखंडाचा एकच टक्क आवाज. हे सगळं त्यांना आतून, पायांच्या तळव्यांतून माहीत होतं. प्रत्येक आवाजाला चेहरा होता हे त्यांना आज कळत होतं.

सावकाशरावांनी दोन्ही हातांनी गाडीला धक्के देऊन ती हलत नाही ना ते बघितलं. मुलीने जोडचाकांतलं एक चाक काढलं, मग दुसरं. ती दोन्ही त्यांनी चासीखाली आडवी सरकवली.

"ती कशाला तिथे?" बाईंनी विचारलं.

"घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल. माणसाला जागा उरेल."

सावकाशराव ड्रायव्हरच्या दाराशी गेले, चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं.

"आणि चावी?"

"खाली जो जातो त्याच्या खिशात. म्हणजे दुसरं कोणी गाडी चालू करत नाही."

मग ते पोत्यावर उताणे झाले, टाचांनी रेटा दिला आणि गाडीखाली गेले. आधी डोकं, मग छाती. बाहेर उरले ते फक्त पाय, घोट्यापासून. एका पायातला मोजा उसवलेला होता.

ड्रम उतरवला. लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे, ठीक असल्याचं त्यांनी खालून सांगितलं. सहा वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणून जरा कडक झालेले, पण जाड. बाईंनी लायनर हा शब्द ऐकला आणि ताटली फिरवली. मग खालून बराच वेळ नुसता बॅटरीचा उजेड हलत राहिला. आणि मग सावकाशरावांचा आवाज आला.

"पाइप गेलाय."

मुलगी जागची हलली नाही. "हो का."

"ब्रेकचा पाइप. पकडीशी घासून पातळ झालाय, ओल आहे."

"आई लायनर म्हणाली, तुम्ही पाइप म्हणताय. एवढाच फरक," मुलगी म्हणाली. "सकाळी खिडकी उघडी होती, बाबा."

खालचा बॅटरीचा उजेड जागीच थांबला. त्या माणसाने उभ्या आयुष्यात ब्रेकबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. आणि आता खरं सांगत होता, तर पोटची मुलगी ते मानायला तयार नव्हती. खालून आलेला आवाज मात्र नेहमीसारखाच होता. "ये. स्वतः बघ. हात लावून बघ."

मुलीने केस बांधले आणि पलीकडच्या बाजूने आत गेली.

बाईंना आता चार पाय दिसत होते. त्यांच्या वर पांढरी, चौकोनी, पडदे लावलेली घरगाडी. खिडकीतून टेबलाचा कोपरा दिसत होता, त्या बसायच्या तोच. खालून बोलणं ऐकू येत होतं, "इथे?" "अजून मागे. तिथे. काय लागलं?" "ओलं." "वास घे." "हो. ब्रेक ऑइल." दोघं आणखी आत सरकले. नुसते चार पाय.

"दोघंही बाहेर या," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"एक मिनिट, आई."

"आत्ता या."

एक्स्चेंजमध्ये लाइन तोडायच्या आधी त्या ज्या आवाजात बोलत तो आवाज होता. दोघं बाहेर आले. मुलीच्या बोटांना ऑइल लागलं होतं. ती वडलांकडे बघत नव्हती.

"इतकी वर्षं," बाई म्हणाल्या, "मी तुमच्या छातीवर बसून होते?"

"छातीवर नाही. मध्ये घोडी होती."

"अहो, मी आत उठायचे. चहा ओतून घ्यायचे. एकदा तर मी पलंगाखालची पेटी ओढली होती."

"ते कळलं होतं मला. गाडी हलली होती."

"मग बोलला नाहीत?"

"सावकाश म्हणालो होतो."

मुलीला हसू आलं आणि ते तिने दाबलं.

"मी खाली जातो हे तुला ठाऊक नव्हतं का, असं विचारू नका," बाई म्हणाल्या. "ठाऊक होतं. शर्ट मीच धुवायचे. पण बघितलं नव्हतं." त्यांनी मांडीवरच्या ताटलीकडे बघितलं. "आणि हे पाणी? याचा काही उपयोग होता की नाही?"

"होता," सावकाशराव म्हणाले. खोटं टाळायची सवय असल्यामुळे त्यांना पुढे बोलावं लागलं. "थोडा होता. माणूस पाणी बघत बसलं की उठत नाही."

शेजारच्या परसात कोणीतरी सतरंजी झटकत होतं. बाई आता काय बोलतील याचा अंदाज घरातल्या दोघांनाही नव्हता.

"पाइप नवा मिळतो?" त्यांनी विचारलं.

"मिळतो. उद्या करून आणतो. ऑइलही सगळं बदलायला लागेल."

"मग गाडी जाईल?"

"दुसरी बाजू बघून सांगतो."

"आणि तिकडे डोंगरात हिला अशी गाडी उचलायची वेळ आली तर?"

"जवळ माणूस असल्याशिवाय खाली जायचं नाही," सावकाशराव म्हणाले. "एवढं पाळलं तर झालं."

"तिला करता येतं?"

"येईल की. लहानपणापासून ऐकतेय."

"ऐकून काय होतं ते मी बघितलं आज," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या मुलीकडे वळल्या. "दुसरी बाजू तू उचल. पाचरीपासून सगळं, एकटीने. हे इथे माझ्याजवळ बसतील. मग ठरवू."

सावकाशरावांसाठी दुसरी खुर्ची आली. गाडी उचलली जात असताना खुर्चीत बसायची त्यांचीही पहिलीच वेळ होती, आणि ते त्यांना जमत नव्हतं. मुलगी नट सैल करत होती तेव्हा यांचं मनगट फिरत होतं. ती जॅक हापसायला लागली तेव्हा ते अर्धे उठले.

"साव..."

"गप्प बसा हो. तिचं ती बघेल."

मुलीने घोडी लावली, जॅक ढिला केला, टक्क आवाज आला. धक्के देऊन बघितलं. चाकं काढून चासीखाली सरकवली, दुसऱ्यासाठी तिला मदत हवी होती पण तिने मागितली नाही. पोतं पसरलं आणि त्यावर बसली.

"चावी," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

पहिली बाजू परत खाली घेतल्यावर सावकाशरावांनी चावी डॅशबोर्डवर टाकली होती. मुलगी उठली, दार उघडून ती घेतली, खिशात टाकली आणि आईला खिसा थोपटून दाखवला. सावकाशरावांच्या हे लक्षात आलं नव्हतं. ते जॅककडे बघत होते.

त्या बाजूला सगळं ठीक निघालं. मुलीने काय दिसलं ते खालून एकेक करून सांगितलं आणि कुठेही वाढवून किंवा कमी करून सांगितलं नाही. बाहेर आल्यावर ती वडलांपाशी येऊन उभी राहिली. "सकाळचं," ती म्हणाली, "मी उगाच बोलले."

"पाइप बघितलास ना," सावकाशराव म्हणाले. त्यांच्या लेखी विषय तिथे संपला.

रविवारी नवा पाइप बसला, ऑइल बदललं, नवे टायर चढले. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, ओळीने नाही, आणि थोडं अंतर पळाली की थांबून पुन्हा आवळायचे, हे त्यांनी मुलीकडून दोनदा म्हणवून घेतलं. संध्याकाळी ते एकटेच गाडी घेऊन गेले, उताराच्या रस्त्यावर, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. बाई कणीक मळत होत्या.

"ब्रेक चांगले आहेत," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. खरंच का, असं त्यांनी विचारलं नाही. सोमवारी घरगाडी गेली. गाडीतल्या कपाटात कपांच्या मागे निळ्या रेघेची ताटली होती. ती कोणी ठेवली हे मुलीने फोनवर विचारलं, तेव्हा दोघांनीही आपण नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाचं खरं असणार.

छपराखालची जागा रिकामी झाली. सावकाशराव सुरुवातीला महिन्याच्या त्या दिवशी तिकडे जाऊन उभे राहायचे, मग त्यांनी तिथे जुन्या खुर्च्या रंगवायला काढल्या.

वर्ष संपत आलं तेव्हाची गोष्ट. दुपारी फोन वाजला, तो ऑपरेटरबाईंनीच घेतला. मुलगी म्हणाली, मागच्या डाव्या चाकातून खरखर येतेय, बहुतेक खडा अडकलाय. शाळेच्या पटांगणात आहे, जमीन पक्की आहे, शाळेचा शिपाई जवळ बसलाय. "पण तो काही बोलत नाही गं. फोन चालू ठेवते, खाली शेजारी ठेवतेय. तू नुसती राहा."

"राहते," बाई म्हणाल्या.

सावकाशराव रंगाचा ब्रश हातात घेऊन आत आले. "काय झालं? मला दे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला नेला. "चावी?" त्यांनी विचारलं.

"खिशात."

"हां."

बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. सावकाशराव समोर उभे होते आणि ब्रशवरून रंग फरशीवर गळत होता, ज्याबद्दल एरवी बोलणी बसली असती.

"नट सैल करतेय," बाई म्हणाल्या. जरा वेळाने, "जॅक." मग त्यांनी बोट वर केलं आणि थांबल्या. "घोडी बसली. धक्के देतेय. चाक सरकवलं आत. दुसरंही."

"तिला सांग, आधी..."

"श्श."

डोंगरातल्या त्या पटांगणावर कुठेतरी एक घंटा वाजली, ती इथे ऐकू आली. मग लोखंडावर लोखंड हलकेच, एकदा, दोनदा.

"आई, आहेस ना?"

"आहे."

"निघाला. खडाच होता."

"बरं. ये बाहेर. सावकाश."

सावकाशरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. बाई ऐकत राहिल्या. चाकं चढली, घोडी सुटली, जॅकमधून हवा गेल्यासारखा बारीक आवाज आला आणि टायरवर वजन आलं.

"गाडी खाली आली," त्या म्हणाल्या.

"नट परत आवळायला सांग. समोरासमोरचे."

"आवळतेय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय मला."